धुराचं वजन

गेल्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो एक छोटीशी डबी घेऊन. आमच्या जुन्या गजराच्या घड्याळाएवढी असेल. हवेतली धूळ मोजते म्हणाला. थंडीत पुण्याची हवा बिघडली की हल्ली फोनवर आकडे येतात, त्यामुळे या मंडळींना आकड्यांची सवय झालेली आहे. डबी टेबलावर ठेवली, आकडा आला ३८. "ठीक आहे बाबा, गावची हवा बरी आहे," म्हणाला. संध्याकाळी सौ.ने देवापुढे उदबत्ती लावली, आणि पाच-दहा मिनिटांत आकडा तीनशेच्या पुढे! डबीचा दिवा लाल झाला, नातवाने आरडाओरडा केला. सौ. शांतपणे म्हणाली, "पन्नास वर्षं लावतेय, तेव्हा नाही कुणी ओरडलं."

मला मात्र त्या लाल दिव्याकडे बघताना उदबत्ती आठवत नव्हती. आमची स्टाफरूम आठवत होती. ही डबी तिथे ठेवली असती तर काय आकडा आला असता?

मी १९७४ साली शाळेत लागलो. इतिहास आणि मराठी हे माझे विषय. शिक्षकांची खोली म्हणजे साधारण वीस फूट बाय पंधरा फूट, एक लांब टेबल, भिंतीला लागून कपाटं, दोन खिडक्या. आम्ही चौदा शिक्षक, त्यातले पाच ओढणारे. दोघांची विडी, तिघांची सिगरेट. त्या तिघांत मी. पिवळ्या पाकिटातली, बिनफिल्टरची. मधल्या सुट्टीची घंटा झाली की पहिल्या मिनिटाला काड्यापेटीचा आवाज यायचा. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात भिंतींना चुना लावत, तेव्हा लोकमान्यांची तसबीर खाली उतरवावी लागे, आणि तसबिरीच्या मागे भिंतीवर एक पांढराशुभ्र चौकोन दिसे. बाकी भिंत कसल्या रंगाची झाली होती ते त्या चौकोनामुळे कळायचं. आम्ही हसायचो. 'टिळकांनी भिंत राखली' असा विनोदही कुणीतरी केला होता.

आमच्याकडे भूगोलाच्या एक बाई होत्या. त्यांना धुराने खोकला यायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मधल्या सुट्टीत त्या खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसत आणि मांडीवर वह्या घेऊन तपासत. पावसाळ्यात झड आत आली की खुर्ची भिंतीला टेकवून बसत, पण आत येत नसत. १९७९ साली शिक्षकांच्या सभेत त्यांनी धीर करून विषय काढला की खोलीत ओढणं बंद व्हावं, त्रास होतो. क्षणभर सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, त्रास होतो म्हणता, पण त्याला प्रमाण काय? आम्ही ओढतो, आम्हाला नाही होत तो!" हशा झाला. सभेचा वृत्तांत मीच लिहीत असे. त्यात नोंद आहे, 'शिक्षकखोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात असे ठरले.'

ते प्रमाणाचं वाक्य माझंच होतं. इतिहासाच्या शिक्षकाला प्रमाण हा शब्द फार प्रिय!

आता सवड आहे, आणि नातवाने इंटरनेटवर शोधायला शिकवलं आहे. तेव्हा दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने मी हाच नाद घेतला, की दुसऱ्याने ओढलेल्या सिगरेटच्या धुराचं प्रमाण पहिल्यांदा कुणी, कधी आणि कसं काढलं. मी विज्ञानाचा माणूस नव्हे, बी.ए.सुद्धा मराठी माध्यमातून केलेलं. पण आमचे शास्त्राचे सर निवृत्तीनंतरही गावातच आहेत, अडलं की त्यांच्याकडे जातो. त्यांचा उपयोग पुढे सांगतोच.

धुराचं वजन करायची कल्पना तशी जुनी. सर वॉल्टर रॅले याच्याबद्दल एक आख्यायिका इंग्लंडात सांगतात. एलिझाबेथ राणीशी त्याने पैज लावली की मी धुराचं वजन करून दाखवतो. आधी तंबाखू तोलली, ओढली, राख तोलली, आणि जी तूट आली तेवढा धूर! खरी असो की खोटी, गोष्ट छान आहे. पण त्यातला धूर ओढणाऱ्याचा आहे. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला किती आला, हा प्रश्न राणीच्याही डोक्यात आला नाही. तिच्यानंतर गादीवर आलेल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूविरुद्ध एक चोपडी लिहिली, आणि त्यात ओढणाऱ्यांच्या घरातल्या माणसांना होणाऱ्या त्रासाचाही उल्लेख आहे. पण ते राजाचं मत. मत म्हटलं की समोरचा म्हणतो, तुम्हाला आवडत नाही, आम्हाला आवडतं.

पुढची साडेतीनशे वर्षं गाडी इथेच अडून राहिली. ओढणाऱ्याचं काय होतं हे १९५०च्या दशकात डॉक्टरांनी दाखवून दिलं. १९७२ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालात न ओढणाऱ्यांवर प्रथमच एक स्वतंत्र प्रकरण आलं. १९७५मध्ये मिनेसोटा राज्याने सार्वजनिक जागांसाठी कायदा केला. पण या काळातली मला सगळ्यात भावलेली हकीकत एका कार्यालयातल्या बाईंची आहे.

डॉना शिंप त्यांचं नाव. न्यू जर्सीच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला. शेजारचे सहकारी ओढत आणि यांना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी होती. तक्रारी करून काही होईना, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. त्यांचा एक मुद्दा असा होता की याच कंपनीत टेलिफोनची यंत्रं जिथे आहेत तिथे सिगरेट ओढायला बंदी आहे, कारण धुराने यंत्रं बिघडतात! १९७६च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी शिंप बाईंच्या बाजूने निकाल दिला, आणि यंत्रांची एवढी काळजी घेणाऱ्या कंपनीने माणसांचीही तेवढीच घ्यायला हवी, अशा अर्थाचा शेरा मारला. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. व्हरांड्यातली खुर्ची डोळ्यांसमोर येत राहिली.

पण कोर्टाने ऐकलं ते शिंप बाईंच्या अ‍ॅलर्जीबद्दल आणि डॉक्टरांच्या साक्षींवरून. खोलीतल्या हवेत नक्की किती काय आहे, हा प्रश्न उरलाच होता. ते मांडलं दोन माणसांनी, आणि दोघांपैकी कुणीही डॉक्टर नव्हतं. जेम्स रिपेस हे भौतिकशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड लोरी हे रसायनशास्त्रज्ञ, दोघांची ओळख अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस हे दोघे वॉशिंग्टनच्या आसपासच्या हॉटेलांत, बारमध्ये, खेळांच्या जागी, चर्चच्या कार्यक्रमांना जाऊन हवा मोजू लागले.

त्यांच्याकडचं यंत्र होतं पिएझोबॅलन्स, म्हणजे खरोखर एक तराजूच. हातात धरून नेता येईल एवढा. शास्त्राच्या सरांनी मला तो असा समजावला. आपल्या हातातल्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो विजेवर ठरावीक गतीने थरथरतो, म्हणून घड्याळ बरोबर चालतं. या यंत्रात हवा आत ओढतात, मोठे कण आधीच बाजूला काढतात, जे बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात तेवढेच पुढे जाऊ देतात. त्या कणांना विजेचा भार देऊन स्फटिकावर बसवतात. कण बसले की स्फटिक जड होतो आणि त्याची थरथर मंदावते. किती मंदावली त्यावरून कणांचं वजन. दोनेक मिनिटांत आकडा हातात! रॅलेने राख तोलली होती, यांनी धूर तोलला.

मापाचं एकक तेवढं लक्षात ठेवायला हवं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशी हवेची पेटी कल्पावी आणि त्यातल्या कणांचं वजन मायक्रोग्रॅममध्ये सांगावं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेव्हा अमेरिकेत बाहेरच्या हवेसाठी जो नियम होता तो वर्षाच्या सरासरीला ७५चा, आणि तोही लहानमोठी सगळी धूळ धरून.

आता त्यांचे आकडे बघा. एका क्लबच्या सभागृहात ६९७. एका बारमध्ये ५८९. अग्निशमन दलाच्या इमारतीत बिंगोचा खेळ (आपली हाउजी) चालू होता तिथे ४१७. चर्चमधल्या बिंगोत २७९. बोलिंगच्या जागी २०२. आणि एका रुग्णालयात, जिथे आजारी माणसं आपला नंबर येण्याची वाट बघत बसतात त्या खोलीत, १८७! एका सँडविचच्या दुकानात ओढणाऱ्यांसाठी वेगळा भाग होता, तिथे ११० आणि न ओढणाऱ्यांच्या भागात ५५. जिथे कुणी ओढत नव्हतं अशा जागांचे आकडे साधारण पंचवीस ते पंचावन्नच्या दरम्यान, म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेसारखेच.

हा निबंध 'सायन्स' या साप्ताहिकात २ मे १९८० रोजी छापून आला. आमच्या सभेनंतर वर्षभरातच. प्रमाण आलं होतं, फक्त आमच्या गावापर्यंत पोहोचलं नव्हतं. आणि पोहोचलं असतं तरी मी वाचलं असतं का, हा प्रश्न आहेच.

नुसते आकडे गोळा करून ते थांबले नाहीत, त्यांनी हिशेब बसवला. सरासरी ओढणारा तासाला दोन सिगरेटी ओढतो, एक दहा मिनिटं चालते. म्हणजे तासातली वीस मिनिटं. म्हणजेच खोलीत तीन ओढणारे असतील तर कुठल्याही क्षणी एकाच्या हातात पेटलेली असतेच. मग धुराचं प्रमाण तीन गोष्टींवर ठरतं. एका वेळी पेटलेल्या किती, खोली केवढी, आणि खोलीतली हवा तासाला कितीदा बदलते. सोपं त्रैराशिक. आणि त्यातूनच खिडकीचा निकाल लागतो. हवा बदलण्याचा वेग दुप्पट केला तर धूर निम्मा होतो, जात नाही. पुन्हा निम्मा करायचा तर आणखी दुप्पट. १९८५ साली याच दोघांनी कॅन्सरच्या धोक्याचा हिशेब मांडला, तेव्हा असं निघालं की धोका मान्य होण्याइतका खाली आणायचा तर वायुवीजन शंभर पटींहून जास्त वाढवायला हवं. तेवढा वारा खोलीत सोडला तर वह्या, हजेरीपट आणि मास्तरांच्या टोप्या सगळंच उडून जाईल. 'खिडक्या उघड्या ठेवाव्यात असे ठरले.'

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. मी समजत होतो की शेजाऱ्याला त्रास होतो तो ओढणाऱ्याने सोडलेल्या धुराचा. तसं नाही. झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगरेट बोटांत नुसती जळत असते, तिच्या टोकाचा धूर हाच खोलीतला मोठा भाग. झुरका घेताना टोक जास्त तापतं आणि ज्वलन त्यातल्या त्यात बरं होतं. नुसतं धुमसताना ते अर्धवट होतं. चुलीत ओलं लाकूड धुमसावं तसंच. (विडी बाजूला ठेवली की विझते, सिगरेट जळत राहते, हे ओढणाऱ्यांना सांगायला नको.) म्हणजे फळ्यावर सनावळ्या लिहिताना माझ्या डाव्या हातात जी नुसतीच जळत असायची... हो, वर्गातसुद्धा. त्या काळी एखाद-दुसरे मास्तर ओढायचे वर्गात. कुणी काही म्हणायचं नाही.

हा टोकाचा धूर अधिक विषारी आहे हे कुणाला आधी कळलं असेल? जर्मनीत कोलोनला इन्बिफो नावाची एक प्रयोगशाळा होती. ती १९७१ साली फिलिप मॉरिस या सिगरेट कंपनीने विकत घेतली. १९८०च्या दशकात तिथे प्राण्यांवर प्रयोग झाले आणि वजनाला वजन धरलं तर टोकाचा धूर ओढून घेतलेल्या धुरापेक्षा जास्त घातक आहे असं दिसलं. ते निष्कर्ष कंपनीने प्रसिद्ध केले नाहीत. पुढे अमेरिकेतल्या खटल्यांमुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद लाखोंनी उघडे झाले, त्यातून शोधून सुझेन शिक आणि स्टॅन्टन ग्लांट्झ या संशोधकांनी २००५ साली ही हकीकत मांडली. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की मूळ कागद बोलतात. पण ते बोलू लागेपर्यंत वीस-वीस वर्षं जातात, आणि मधली वर्षं कुणाच्या तरी छातीत जमा होतात, हे काही शिकवलं नाही.

आता जपानकडे. ताकेशी हिरायामा यांनी १९८१च्या जानेवारीत 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्यांनी चौदा वर्षं नोंद ठेवली होती. नवरा दिवसाला वीस किंवा जास्त सिगरेटी ओढणारा असेल तर त्या बाईला फुप्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू येण्याचं प्रमाण, नवरा न ओढणारा असलेल्या बाईच्या जवळजवळ दुप्पट निघालं. त्याच वर्षी ग्रीसमधून त्रिखोपूलोस यांचाही तशाच अर्थाचा निबंध आला. सिगरेट कंपन्यांनी हिरायामांच्या आकडेमोडीवर तुटून पडायला तज्ज्ञ उभे केले. त्यांना भीती का वाटली असावी? १९७८ सालीच त्यांच्या संघटनेने एक जनमत पाहणी करून घेतली होती. त्यात म्हटलं होतं की ओढणारा स्वतःचं काय करून घेतो हा त्याचा प्रश्न राहील, पण तो शेजाऱ्याचं काय करतो हा प्रश्न उभा राहिला तर या धंद्यापुढचा तो आजवरचा सगळ्यात मोठा धोका असेल.

१९८१ साली आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. भाड्याच्या दोन खोल्या, मुलगा तीन वर्षांचा. रात्री जेवण झालं की मी पलंगावर बसून उत्तरपत्रिका तपासायचो आणि ओढायचो. ही खाली निवडत-टिपत बसलेली. आषाढात खिडकी लावलेली, नाहीतर पलंग भिजायचा. हिने कधी 'ओढू नका' म्हटलं नाही. एकच करायची. मुलाला उचलून स्वयंपाकघरात नेऊन निजवायची. मला वाटायचं, दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून.

असो.

माझ्यासारखा प्रमाण मागणारा माणूस जगात सगळीकडेच होता. तो म्हणाला, धूळ काय सिगरेटचीच असते? बारमध्ये तळण आहे, रस्त्यावरून धूर येतो, शेगडी आहे. आक्षेप खोटा नव्हता, आमची उदबत्तीच साक्षीला आहे. म्हणून मग फक्त तंबाखूतच असेल असं काही तरी पकडायला हवं होतं, आणि ते म्हणजे निकोटिन. कॅथरिन हॅमंड या संशोधक बाईंनी ब्रायन लीडरर यांच्याबरोबर १९८७ साली एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. रसायनात भिजवलेला गोल गाळणकागद एका छोट्या डबीत बसवायचा आणि डबी कॉलरला किंवा खिशाला अडकवायची. मोटर नाही, आवाज नाही. हवेतलं निकोटिन आपसूक कागदाला चिकटतं, आठवड्याने कागद प्रयोगशाळेत पाठवायचा. बाई स्वयंपाक करोत, बाजारात जावोत, कचेरीत बसोत, त्यांच्या वाट्याचा धूर डबीत जमा होत राहतो.

त्याच्याही पुढे जाऊन माणसाच्या शरीरालाच साक्षीला बोलावलं. निकोटिन रक्तात गेलं की दोनेक तासांत निम्मं होतं, पण त्यापासून कोटिनिन नावाचं द्रव्य बनतं ते निम्मं व्हायला सोळा-वीस तास लागतात. थुंकीत, रक्तात, लघवीत ते मोजता येतं. अमेरिकेत १९८८ ते १९९१ या काळात सरकारी आरोग्य पाहणीत हजारो लोकांचं रक्त तपासलं, तर तंबाखूला हात न लावणाऱ्यांपैकीही जवळजवळ ८८ टक्के लोकांच्या रक्तात कोटिनिन सापडलं. चार वर्षांची मुलंसुद्धा त्यात होती. यानंतर 'प्रमाण काय' असं विचारायला तोंड उरलं नाही, असं आपल्याला वाटेल. पण १९९३च्या जानेवारीत अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हा धूर कॅन्सरकारक ठरवून वर्षाला सुमारे ३,००० न ओढणाऱ्यांचे बळी जातात असं जाहीर केलं, तर कंपन्या कोर्टात गेल्या. १९९८ साली एका न्यायाधीशांनी तो अहवाल बराचसा रद्द केला, आणि २००२ साली वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. नऊ वर्षं त्यात गेली.

या सगळ्यात मला सर्वात पटलेली मोजणी मात्र बारमध्ये काम करणाऱ्यांची आहे. गिऱ्हाईक तासाभराने उठून जातं, वाढणारा तिथेच असतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९८पासून बारमध्येही ओढायला बंदी आली. त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५३ बारवाल्यांना डॉक्टरांनी प्रश्न विचारून ठेवले होते. ३९ जणांना खोकला, दम, छातीत घरघर असं काही ना काही होतं. बंदीनंतर एक-दोन महिन्यांतच पुन्हा विचारलं, तर त्या ३९पैकी २३ जणांची तक्रार नाहीशी झालेली. औषध काहीच नाही, नुसती हवा! मग आयर्लंड. २९ मार्च २००४ रोजी त्या देशाने कामाच्या सगळ्या बंद जागांत, पबसुद्धा धरून, सिगरेट बंद केली. पबमध्ये धूर नसणं म्हणजे आपल्याकडे पंढरपुरात टाळ नसणं, असं लोक म्हणत असणार. डब्लिनमधल्या ४२ पबमध्ये आधी आणि नंतर हवा मोजली. बारीक कण ८३ टक्क्यांनी आणि बेन्झिन ८० टक्क्यांनी कमी झालं होतं. तळण, शेगडी, रस्ता सगळं जागच्या जागी होतं. कमी झाली होती फक्त सिगरेट.

आपल्याकडे हे मोजमापातून आलं नाही, कोर्टातून आलं. १९९९ साली केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी ओढण्यावर बंदी घातली. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालयं, शाळा, ग्रंथालयं, कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी ओढायला मनाई केली. केवळ कामासाठी तिथे जावं लागतं म्हणून न ओढणाऱ्याने रोग का घ्यावा, असा न्यायालयाचा सवाल होता. २००३ साली कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८पासून कडक नियम आले. मी त्याच वर्षी निवृत्त झालो. शेवटच्या काही महिन्यांत स्टाफरूमच्या दारावर 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र' अशी पाटी ठोकली गेली. मी स्वतः १९९६ सालीच सोडली होती, त्यामुळे मला काही वाटलं नाही. भूगोलाच्या बाई त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलीकडे गेल्या होत्या. पाटी बघायला त्या नव्हत्या.

हिला १९९८पासून दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, "घरात कुणी ओढतं का?" मी म्हणालो, "नाही." खरंच होतं ते, सोडून दोन वर्षं झाली होती! माझ्या मनाची एक पळवाट अशी की हिचं बालपण चुलीच्या धुरात गेलं. तीही पळवाट अगदीच पोकळ नाही. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र बांधून चुलीचा धूर मोजला, तर चुलीपुढच्या वेळेत सरासरी सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम निघाली, सगळी धूळ धरून. वॉशिंग्टनचा कुठलाही बार त्यापुढे फिका. म्हणजे हिच्या दम्यात चुलीचा वाटा किती आणि माझा किती, हे कुठलंच यंत्र आता सांगू शकणार नाही. पण माझ्या वाट्याचा धूर किती होता, तो तरी काढता येईल असं वाटलं.

गेल्या आठवड्यात वही-पेन्सिल घेऊन शास्त्राच्या सरांकडे बसलो. एका सिगरेटमधून साधारण बारा मिलिग्रॅम बारीक कण हवेत येतात असं धरलं. आधी स्टाफरूम घेतली. वीस बाय पंधरा, उंची दहा फूट, म्हणजे सुमारे ८५ घनमीटर. मधल्या सुट्टीत चार सिगरेटी धरल्या, खिडक्या लावलेल्या. आकडा आला साडेपाचशेच्या वर, म्हणजे वॉशिंग्टनच्या त्या बारच्या अगदी जवळ. सर हसले, म्हणाले, "आपण दारू न पिता बारमध्ये बसत होतो तर!" खिडक्या उघड्या धरून पुन्हा केला, कमी आला, पण व्हरांड्यातल्या खुर्चीचा आकडा काही केल्या येईना इतका कमी नाही.

मग घरची खोली. दहा बाय बारा, उंची दहा. ३४ घनमीटर. आषाढ, खिडकी बंद. एका सिगरेटचे साडेतीनशे. "दोन धरा," मी म्हणालो. सातशे. आजचा आपल्या देशाचा नियम दिवसाच्या सरासरीला साठचा आहे, जागतिक आरोग्य संघटनेचा पंधराचा. सर म्हणाले, हा वरचा अंदाज आहे, फटींतून हवा जाते, कण भिंतीवर बसतात, प्रत्यक्षात थोडा कमी धर. मी सातशेपुढे 'कमाल' असं लिहिलं.

घरी आल्यावर वही हिच्यापुढे धरली आणि सगळं समजावून सांगितलं, खोलीचं माप, खिडकी, दोन सिगरेटी. हिने चष्मा लावून आकडा वाचला.

"रात्रीच्या तुम्ही तीन ओढायचात," म्हणाली. "पेपर तपासायला असले की चार."

मी पेन्सिल घेतली आणि दोन खोडून तीन केले. गुणाकार पुन्हा मांडला.